अडलेले इन्स्टॉलेशन आणि मागे राहिलेल्या फाइली

संगणकावर एखादा प्रोग्राम नव्याने बसवताना काम मध्येच थांबते आणि पडद्यावर एखादा अनाकलनीय आकडा उमटतो, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना आलेला असेल. अशा वेळी दोनच उपाय सुचवले जातात : सेटअप पुन्हा पुन्हा चालवून पाहणे, नाहीतर संगणक फॉर्मॅट करणे. पहिल्याने काही साधत नाही आणि दुसऱ्याने फार काही जाते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मी हे काम पाहतो. माझा अनुभव असा की, पुष्कळदा दोष नव्या प्रोग्राममध्ये नसतो, तर जुन्याने मागे ठेवलेल्या अवशेषांत असतो.

असे का होते, हे प्रथम पाहू. विंडोजमध्ये प्रोग्राम बसतो तेव्हा दोन गोष्टी घडतात. एक, त्याच्या फाइली डिस्कवर ठरावीक फोल्डरांत जातात. दुसरी, त्याची नोंद ‘रजिस्ट्री’ नावाच्या दप्तरात होते. हे दप्तर १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये आले आणि विंडोज ९५ पासून त्याचे महत्त्व वाढले. आता कोणी प्रोग्रामचा फोल्डर नुसता डिलीट केला, तर फाइली जातात, पण नोंद राहते. शेतातले घर पाडले म्हणून उताऱ्यावरची नोंद आपोआप निघत नाही, तसाच हा प्रकार. नवा सेटअप जागेवर जाऊन घर पाहत नाही, तो आधी उतारा वाचतो, आणि आधीचा मालक दिसला की थांबतो. इन्स्टॉल चालू असताना वीज गेली, किंवा काढून टाकताना प्रोग्राम उघडाच राहिला, तरीही असे अर्धवट अवशेष उरतात.

पडद्यावरचा आकडा म्हणून आधी वहीत उतरवून घ्यावा. १६१८ म्हणजे दुसरे एक इन्स्टॉलेशन अजून चालू आहे. १६३८ म्हणजे त्याच प्रोग्रामची दुसरी आवृत्ती नोंदलेली आहे. १६१२ म्हणजे मूळ सेटअपची फाइल सापडत नाही. १६०३ हा मात्र मोघम आकडा आहे. काहीतरी गंभीर अडले, एवढेच तो सांगतो.

यानंतरचा क्रम महत्त्वाचा आहे.

पहिले, संगणक रीस्टार्ट करावा. वापरात असलेल्या काही फाइली पुढच्या वेळी संगणक सुरू होतानाच काढल्या जातात, आणि एवढ्यानेच कित्येकदा काम होते.

दुसरे, आपले लेखन, शब्दसूची व सेटिंग यांची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. काही प्रोग्राम ही सामग्री ‘ॲपडेटा’ या लपवलेल्या फोल्डरात ठेवतात, हे विसरू नये.

तिसरे, सेटिंग्जमधील ‘ॲप्स’ या यादीतून जुना प्रोग्राम रीतसर अनइन्स्टॉल करावा. हात लावण्याची पहिली जागा ही, फोल्डर नव्हे.

चौथे, त्यानंतरही काही उरले असेल तर ‘प्रोग्राम फाइल्स’, ‘प्रोग्राम फाइल्स (एक्स८६)’, ‘प्रोग्रामडेटा’ आणि ‘ॲपडेटा’ येथे त्या प्रोग्रामच्या नावाचा फोल्डर शोधावा. तो लगेच डिलीट न करता त्याच्या नावापुढे ‘जुने’ असे लिहावे. नवे इन्स्टॉलेशन नीट चालले की मग तो काढावा. ‘टेंप’ फोल्डरातील जुन्या फाइलीही काढून टाकाव्यात.

पाचवे आणि अगदी शेवटी, रजिस्ट्री. तेथे हात घालण्यापूर्वी ‘एक्स्पोर्ट’ करून प्रत ठेवावी आणि नेमकी त्या प्रोग्रामचीच नोंद काढावी. खात्री नसेल तर जाणत्याला बोलवावे.

मागच्या सत्रातील एक उदाहरण देतो. एका संगणकावर मराठी-कन्नड टंकलेखनाचा प्रोग्राम होता. जागा मोकळी करण्यासाठी कोणीतरी त्याचा फोल्डरच डिलीट केला. नवी आवृत्ती १६३८ म्हणून अडली, आणि फाइलीच नसल्यामुळे जुनी अनइन्स्टॉलही होईना. त्याच संगणकावर शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा प्रकल्प होता आणि तो दोन दिवसांत सादर करायचा होता. ‘फॉर्मॅट मारा’ असा सल्ला चारही बाजूंनी आला. आम्ही तिच्या कामाची प्रत घेतली, जुन्या आवृत्तीचा मूळ सेटअप कपाटातून काढला, तोच पुन्हा चालवून प्रोग्राम दुरुस्त केला आणि मग रीतसर काढला. नवी आवृत्ती लगेच बसली, प्रकल्पही वेळेवर गेला. जुने नीट घालवण्यासाठी कधी कधी ते आधी परत आणावे लागते, ते असे. म्हणून मूळ सेटअप जपून ठेवावेत.

दोन पथ्ये सांगणे अगत्याचे आहे. विंडोज फोल्डरातील ‘इन्स्टॉलर’ हा लपलेला फोल्डर पुष्कळ जागा खातो, तरी तो रिकामा करू नये. दुरुस्तीसाठी व काढण्यासाठी लागणारी पॅकेजे तेथेच असतात. दुसरे, ‘एका क्लिकमध्ये सर्व साफ’ म्हणणाऱ्या साधनांच्या नादी लागू नये. नोंदी पुसणारे एक साधन खुद्द मायक्रोसॉफ्टने काढले होते. त्याने कधी कधी इतर घटकांचे नुकसान होते, हे आढळल्यावर २०१० मध्ये कंपनीने ते मागे घेतले. इन्स्टॉल व अनइन्स्टॉलच्या अडचणींसाठी नंतर दिलेले समस्यानिवारक साधन वापरणे त्याहून बरे.

लिनक्सवरही तत्त्व हेच. डेबियन किंवा उबंटूवर ‘रिमूव्ह’ आज्ञेने प्रोग्राम जातो, पण त्याच्या संरचनेच्या फाइली राहतात. त्याही काढायच्या तर ‘पर्ज’ म्हणावे लागते.

तात्पर्य, आधी आपले काम सुरक्षित करावे, मग नोंद रीतसर काढावी आणि उरलेल्या फाइली सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा केला की अडचण वाढते. क्रम पाळला, तर फॉर्मॅट करण्याची वेळ क्वचितच येते.