परसातील कोंबड्यांचे अंडनलिकेचे विकार : ओळख, उपचार व प्रतिबंध

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे धानाच्या शेतीचे व कोशाच्या कापडाच्या विणकामाचे गाव आहे. ह्या भागातील गावांतून घराच्या परसात पाच-दहा कोंबड्या बाळगण्याची चाल जुनी आहे. त्यांचा हिशेब बहुधा घरातील स्त्रीच्या हाती असतो. अंड्यांच्या पैशातून मीठ-मिरची, मुलांच्या वह्या असा किरकोळ खर्च परस्पर भागतो. अशा घरी अंड्यावर आलेली एक कोंबडी दगावली, तर तो लहानसा तोटा नव्हे.

पुष्कळदा असे घडते की, चांगली अंडी देणारी कोंबडी एके सकाळी टोपलीत जाऊन बसते व उठत नाही. ती खुडूक झाली असे समजून तिच्याखाली उबवणीची अंडी ठेवण्यात येतात. दुसऱ्या दिवशी ती दाण्याला तोंड लावीत नाही आणि तिसऱ्या दिवशी मेलेली आढळते. वस्तुतः ती खुडूक झालेलीच नसते; तिच्या पोटात अंडे अडलेले असते. पहिल्याच दिवशी तिला हातात घेऊन तपासले असते, तर ती वाचण्याचा बराच संभव होता. म्हणून हे विकार कसे ओळखावेत, घरी काय करावे व कोठे थांबावे, ह्याची माहिती प्रत्येक कोंबडीपालकास असणे अगत्याचे आहे.

अंडे कसे तयार होते

कोंबडीच्या शरीरात सामान्यतः डाव्या बाजूचाच अंडाशय व डावीच अंडनलिका पूर्ण वाढलेली असते. अंडाशयातून सुटलेला पिवळा बलक नलिकेच्या नरसाळ्यासारख्या तोंडात येतो व तेथे सुमारे १५ ते २० मिनिटे राहतो. पुढील भागात सुमारे ३ तासांत त्यावर पांढरा बलक चढतो. त्यानंतर सुमारे सव्वा तासात पातळ पापुद्रे तयार होतात. शेवटी अंडे कवच चढविणाऱ्या पिशवीत येऊन तेथे सुमारे २० तास राहते. म्हणजे एक अंडे पुरे होण्यास २५ ते २६ तास लागतात.

ह्या मार्गात तीन ठिकाणी बिघाड होऊ शकतो. बलक नलिकेत न शिरता पोटात पडतो. तयार अंडे बाहेर न पडता अडते. किंवा अंडे घालताना नलिकेचा भागच बाहेर येतो. तिन्ही विकारांचे उपचार निरनिराळे आहेत. म्हणून आधी ओळख व मग उपचार, हा क्रम मोडू नये.

खुडूक की आजारी?

खुडूक कोंबडी पिसे फुलवून टोपलीत बसते व जवळ हात नेताच रागाने आवाज करून चोच मारते. तिचे डोळे तरतरीत असतात. दिवसातून एखादे वेळी उठून ती दाणापाणी घेते व एकदम पुष्कळ विष्ठा टाकते. तिला उचलून खाली ठेवले, तर ती सरळ चालत पुन्हा टोपलीकडे जाते.

आजारी कोंबडीचे वर्तन ह्याहून वेगळे असते. ती डोळे अर्धवट मिटते, शेपूट खाली पाडते आणि हात लावला तरी प्रतिकार करीत नाही. ती वारंवार टोपलीत जाते, कुंथते व रिकामी परत येते. पाय फाकवून, छाती वर करून उभी राहणे हे पोटातील विकाराचे ठळक लक्षण होय.

संशय येताच कोंबडीस डाव्या काखेत शांतपणे धरावे व उजव्या हाताने पुढील गोष्टी पाहाव्यात. प्रथम छातीचे हाड चाचपावे. त्याच्या दोन्ही बाजूंचे मांस झडून ते धारदार लागत असेल, तर आजार जुना आहे असे समजावे. मग गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंची टोकदार हाडे पाहावीत. अंड्यावर असलेल्या कोंबडीत त्यांच्यामध्ये दोन ते तीन बोटे मावतात. एकच बोट मावत असेल, तर ती बहुधा अंड्यावर नाही. शेवटी गुदद्वाराखालील पोट अगदी हलक्या हाताने दाबून पाहावे. तेथे अंड्याएवढी टणक वस्तू लागते, की पोट पाण्याने भरलेल्या पिशवीसारखे हालते, ह्यावर पुढील निदान अवलंबून आहे.

अंडे अडणे

पोटात टणक अंडे लागते, कोंबडी कुंथते व विष्ठा थोडी किंवा मुळीच होत नाही, अशी स्थिती असल्यास अंडे अडले आहे असे समजावे. काही कोंबड्या पायांतील बळ जाऊन लंगडू लागतात. प्रथमच अंडी देणारी तलंग, फार लठ्ठ कोंबडी, अतिशय मोठे किंवा दुहेरी बलकाचे अंडे आणि आहारातील चुन्याचा अभाव ही ह्याची मुख्य कारणे होत. अंडे पुढे ढकलणाऱ्या स्नायूंनाही चुन्याची गरज असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

अशा कोंबडीस इतरांपासून वेगळे करून निवांत, अंधाऱ्या जागी ठेवावे व पिण्यास स्वच्छ पाणी द्यावे. पसरट भांड्यात कोमट पाणी घेऊन तीत तिचा मागील अर्धा भाग १५ ते २० मिनिटे बुडवून धरावा. पाणी कोपराला सुखावह वाटेल इतपतच ऊन असावे. नंतर पिसे कोरडी करून गुदद्वाराच्या कडेस गोडे तेल लावावे व तिला मऊ तणसावर ठेवावे. काही वेळाने अंडे आपोआप बाहेर पडण्याचा संभव असतो. न पडल्यास काही तासांनी हा उपचार पुन्हा करावा.

वैशाख-ज्येष्ठातील कडक उन्हाळ्यात हा उपचार दुपारी करू नये. कोंबडीच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश सेल्सियस असते. धापा टाकणाऱ्या कोंबडीस ऊन पाण्यात धरल्यास अंड्यापेक्षा उष्णतेनेच ती मरेल. त्या दिवसांत पहाटेची किंवा रात्रीची वेळ निवडावी.

अडलेले अंडे दाबून काढण्याचा किंवा आत फोडण्याचा प्रयत्न कदापि करू नये. कवचाच्या धारेने नलिका चिरते व आत राहिलेल्या तुकड्यांमुळे पू होतो. कोंबडी मलूल असल्यास, तुरा निळसर पडल्यास किंवा २४ तासांत अंडे न पडल्यास तिला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. तेथे कॅल्शियमचे इंजेक्शन देऊन व योग्य रीतीने अंडे काढून उपचार करता येतो.

अंग बाहेर येणे

अंडे घालताना नलिकेचा शेवटचा भाग उलटून लाल गोळ्यासारखा बाहेर येतो व आत जात नाही. लाल रंग पाहून इतर कोंबड्या तेथे टोचतात व थोड्याच वेळात आतडीही ओढून काढतात. म्हणून येथे पहिला उपचार म्हणजे कोंबडीस तत्काळ वेगळी करणे.

एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात लहान चमच्याने दीड ते दोन चमचे मीठ विरघळवून त्या पाण्याने गोळा हलकेच धुवावा. सूज फार असल्यास त्यावर साखरेचा घट्ट पाक काही मिनिटे लावून ठेवावा. साखर सुजेतील पाणी ओढून घेते. मग पाक धुऊन, हात स्वच्छ करून, नखे काढलेल्या बोटास गोडे तेल लावून गोळा हळूहळू आत सारावा व थोडा वेळ धरून ठेवावा. नंतर काही दिवस कोंबडीस अंधाऱ्या जागी ठेवावे व दाणा कमी द्यावा, म्हणजे अंडी घालणे मंदावते व जखमेस विश्रांती मिळते. गोळा काळा पडला असल्यास, फाटला असल्यास किंवा पुनःपुन्हा बाहेर येत असल्यास घरगुती उपचारांत वेळ घालवू नये.

पोटात बलक सांडणे

ह्या विकारात बलक नलिकेत न जाता पोटात पडतो व तेथे जंतूंची वाढ होऊन पोटाच्या आतील आवरणास दाह होतो. कोंबडी अंडी देणे बंद करते, पोट मोठे व लोंबते होते, छातीचे हाड मात्र उघडे पडते. दूरून ती लठ्ठ दिसते. हातात घेतल्यावर ती खंगलेली आहे हे कळते.

ह्यावर घरगुती उपाय नाही. पशुवैद्यांनी औषध दिले तरी गुण येईलच असे नाही आणि बरी झालेली कोंबडी पुन्हा नियमित अंडी देईल ह्याचीही खात्री नसते. औषध देण्यापूर्वी हे पशुवैद्यांकडून स्पष्ट समजून घ्यावे व कोंबडीचे हाल होत असतील, तर तिला वेदनारहित मरण देण्याचा सल्ला मानावा. घरात माणसांसाठी आणलेली उरलेली कॅप्सूल कोंबडीस देऊ नये. प्रतिजैविक दिले असता अंडी किती दिवस खाऊ वा विकू नयेत, हे विचारून तसे पाळावे. आजारी कोंबडी कापून खाऊ नये.

एकीचा विकार की सर्वांची साथ?

वरील विकार एकेका कोंबडीस होतात. एकाच वेळी अनेक कोंबड्यांची अंडी कमी झाली, वेडीवाकडी, सुरकुतलेली किंवा बिनकवचाची अंडी पडू लागली, तर ती साथ समजावी. शिंका, हिरवी हगवण, मान वाकडी होणे ही लक्षणे असल्यास रानीखेतचा संशय घ्यावा. त्यावर औषध नाही, लस आहे. पिलांस पहिल्या आठवड्यात लासोटा व आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी ही लस टोचून घेण्याबाबत दवाखान्यात चौकशी करावी.

कोंबड्या अचानक मोठ्या संख्येने मरू लागल्यास मेलेल्या पक्ष्यांस उघड्या हातांनी शिवू नये, ते नाल्यात टाकू नयेत व विकू नयेत. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूची भारतातील पहिली नोंद झाली व रोग थांबविण्यासाठी तेथील परिसरातील कोंबड्या मोठ्या संख्येने नष्ट कराव्या लागल्या. अशी मरतूक दडवून ठेवल्याने नुकसान वाढते. पशुसंवर्धन विभागास लगेच कळवावे.

चुन्याचा हिशेब

एका अंड्याच्या कवचाचे वजन ५ ते ६ ग्रॅम असते व त्यात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. धानाच्या प्रदेशात कोंबडीस मुख्यतः कणी व कोंडा मिळतो. असा १०० ग्रॅम दाणा खाऊनही तिला एक दशांश ग्रॅम कॅल्शियम मिळणे कठीण असते. उरलेले ती आपल्या हाडांतून काढते. प्रथम कवच पातळ होते, मग बिनकवचाचे अंडे पडते आणि शेवटी अंडे अडते. गावठी कोंबडीची अंडी थोडी असल्याने तिला ही तूट काही काळ सोसते. वर्षाला दीडशेहून अधिक अंडी देणाऱ्या सुधारित जातीच्या कोंबडीस ती सोसत नाही. उन्हाळ्यात तिचे खाणे घटते व धापेमुळे रक्तातील कवचास लागणारे द्रव्यही कमी होते. म्हणून त्या दिवसांत पातळ कवच अधिक दिसते.

ह्यावरील उपाय स्वस्त आहे. शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा ज्वारीच्या दाण्याएवढा जाड चुरा एका वेगळ्या भांड्यात नेहमी ठेवावा. अंड्यावर असलेली कोंबडी आपल्या गरजेपुरता तो स्वतः खाते. सुमारे ५ ग्रॅम चुऱ्यात एका अंड्याच्या कवचापुरते कॅल्शियम असते. घरातील अंड्यांची टरफले तव्यावर भाजून व कुटून दिली तरी चालतात. भट्टीचा किंवा पानाचा चुना मात्र देऊ नये. त्याने तोंड व अन्ननलिका भाजते. अंड्यावर न आलेल्या पिलांना हा चुरा देऊ नये, कारण जादा चुन्याने त्यांच्या मूत्रपिंडास अपाय होतो.

केवळ कणीवर पोसलेली कोंबडी लठ्ठ होते. म्हणून तिला मोकळे फिरू द्यावे व तुरीची चुणी, वाळवी, हिरवा पाला हेही मिळू द्यावे. टोपलीतील तणीस वरचेवर बदलावे. पिण्याचे पाणी सावलीत ठेवून उन्हाळ्यात दिवसातून अनेकदा ताजे भरावे.

आठवड्यातून एकदा, संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरताना, प्रत्येकीस हातात घेऊन छाती, पोट व गुदद्वार पाहण्याचा परिपाठ ठेवावा. दहा कोंबड्यांस त्यासाठी फार वेळ लागत नाही. निरोगी कोंबडीचे पोट कसे लागते हे हातास ठाऊक झाले, म्हणजे बिघडलेले पोट पहिल्याच दिवशी ओळखू येते. घरगुती उपचारांचा उपयोग होण्याचा काळही तोच असतो.