विलीच्या बॅगा उघडू नकोस

राळेगाव

चि. सोनू,

तुझी संहिता दोनदा वाचली. स्पर्धेसाठी तू 'डेथ ऑफ अ सेल्समन' निवडलंस, याचा फार आनंद झाला. पण त्यातल्या फिरत्या विक्रेत्याला, विली लोमनला, तू राळेगावचा कास्तकार केलंस, ते मला पटलं नाही.

आर्थर मिलरचं हे नाटक १९४९ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलं. सुरुवातीलाच विली दोन जड बॅगा घेऊन थकून घरी येतो. त्या बॅगांत काय आहे, हे मिलर शेवटपर्यंत सांगत नाही. म्हणून तर बघणाऱ्या प्रत्येकाला आपलं ओझं त्यांत दिसतं. तू त्यांत कापूस भरलास आणि बाकीच्यांना जागाच उरली नाही.

आपल्या भागाचं दुःख सांगणारं नाटक आहे. श्याम पेठकरांचं 'तेरवं' बघ. हरीश इथापेंनी ते शेतकऱ्यांच्या विधवांनाच घेऊन बसवलं. त्यांतल्याच वैशाली येडे, शेजारच्या कळंब तालुक्यातल्या राजूरच्या. २०१९ साली यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांच्या हातून झालं. ज्यांनी भोगलं त्याच तिथे बोलतात. ते विलीच्या खांद्यावर कशाला लादायचं?

१९८३ साली मिलर स्वतः बीजिंगला हे नाटक बसवायला गेले होते. चिनी नटांनी अमेरिकन दिसण्यासाठी सोनेरी केसांचे टोप घालू नयेत, असा त्यांचा आग्रह होता. विली विलीच राहिला, आणि नटही चिनीच राहिले. तूही तेवढंच कर.

राळेगावची खरी गरज तुला बियाण्याच्या प्रवेशात पडेल. चारी बाजूंनी इमारती उठल्यात, परसात ऊन उरलेलं नाही, आणि हा माणूस रात्री टॉर्च घेऊन गाजर नि बीट पेरायला निघतो. पावलांनी अंतर मोजतो आणि त्याच वेळी आपण मेल्यावर घरच्यांना मिळायच्या वीस हजार डॉलरच्या विम्याचा हिशेब करतो. शहरातला नट इथे वेड दाखवायला जाईल. त्याला तसं करू देऊ नकोस. टोबणीच्या वेळी तू आजीच्या मागे तासातून चालली आहेस. पाऊल टाकायचं, वाकायचं, बी टाकून माती ओढायची, हे त्याला नीट शिकव. तिथलं पार्श्वसंगीतही काढ. मातीवरच्या पावलांचा आवाज पुरे.

दुसरी गोष्ट विलीच्या बायकोची, लिंडाची. घराचा शेवटचा हप्ता तिने विलीच्या अंत्यविधीच्या दिवशीच भरलेला असतो. त्याच्या थडग्यापाशी तिला आधी रडूच येत नाही, ते फुटतं कर्ज फिटल्याचं सांगताना. तुझ्या संहितेत ती पहिल्यापासून रडते आहे. तुझ्या आजोबांनी विहिरीच्या कर्जाची शेवटची पावती आणली, तो दिवस मला आठवतो. पावती देवापुढे ठेवली, आणि दुपारभर ते ओसरीवर कोणाशी एक शब्द बोलले नाहीत. आई दोनदा चहा ठेवून गेली, तो तसाच गार झाला.

कापूस वेचणीच्या सुरुवातीची सीतादहीची पूजा झाली की मी तालमीला येतो. लिंडाचं काम करणाऱ्या मुलीला म्हणावं, मामांपुढे अभिनय नको, तो शेवटचा प्रवेश नुसता वाचून दाखव.

तुझा
मामा