घटक ४ : जलसा – लोककलेची रचना आणि सामाजिक परिवर्तन

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• तमाशाची पारंपरिक रचना आणि जलशाने तीत केलेले बदल सांगता येतील.
• सत्यशोधक जलसा, आंबेडकरी जलसा आणि लोकनाट्य यांतील साम्यभेद स्पष्ट करता येतील.
• कलाप्रकारातील भाषिक व्यवहाराचा सामाजिक अर्थ उलगडून दाखवता येईल.
• जलशाच्या मर्यादांची चिकित्सा करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, कला आणि राजकारण यांच्या संबंधाचा विचार करताना आपण बहुधा आशयाकडे पाहतो. कवितेत अन्यायाचा निषेध आहे काय, नाटकात सत्तेवर टीका आहे काय, असे प्रश्न विचारतो. हे प्रश्न आवश्यक आहेत, तथापि पुरेसे नाहीत. कलाकृतीत कोणाला बोलण्याची मुभा आहे, कोणी कोणाला कसे संबोधायचे, कोणाचे शब्द हसण्यावारी न्यायचे आणि कोणाचे गंभीरपणे ऐकायचे, हे त्या कलाप्रकाराच्या रचनेत आधीच ठरलेले असते. ही रचना बदलते, तेव्हा समाजातील संबंधांचे एक नवे चित्र प्रेक्षकांसमोर उभे राहते. महाराष्ट्रातील जलसा हे या प्रक्रियेचे ठळक उदाहरण होय.

येथे एक संदर्भ ध्यानात घ्यावा. १९३१ च्या जनगणनेत देशातील साक्षरतेचे प्रमाण १० टक्क्यांच्या आत होते. १८७७ साली निघालेले ‘दीनबंधु’ किंवा १९१० साली सुरू झालेले ‘दीनमित्र’ यांसारखी नियतकालिके बहुजन समाजासाठी होती. परंतु ती वाचू शकणारे त्या समाजात थोडे होते. तमाशाला मात्र अक्षरओळख लागत नव्हती. चळवळीचा विचार गावोगाव पोहोचवण्यासाठी हे माध्यम निवडण्यामागे एवढे साधे व्यावहारिक कारण होते.

४.३ तमाशाची पारंपरिक रचना

पारंपरिक तमाशात प्रथम गण येतो. त्यात गणपतीला वंदन करून कार्य निर्विघ्न पार पडावे अशी प्रार्थना केली जाते. त्यानंतर गवळण येते. मथुरेच्या बाजाराला दूधदही घेऊन निघालेल्या गवळणींना कृष्ण आणि पेंद्या अडवतात. मावशी मध्ये पडते आणि संवाद रंगतो. पुढे लावण्या, बतावणी आणि शेवटी वग, असा साधारण क्रम असतो.

या रचनेतील दोन बाबी जलसाकारांच्या उपयोगी पडल्या. पहिली बाब म्हणजे सोंगाड्या. सोंगाड्या पात्रांपैकी एक असूनही कथेच्या बाहेर येऊन प्रेक्षकांशी बोलू शकतो. राजाला वेडेवाकडे प्रश्न विचारण्याची मुभा त्याला परंपरेनेच दिलेली आहे. दुसरी बाब म्हणजे बतावणी. हा संवाद पूर्णपणे लिहिलेला नसतो. गाव, प्रसंग आणि प्रेक्षक पाहून तो फुलवता येतो. त्यामुळे आजच्या गावात घडलेली गोष्ट आजच्याच खेळात येऊ शकते.

४.४ सत्यशोधक जलसा

जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. एका कुणबी दांपत्याची जोशीबुवाकडून होणारी फसवणूक हा त्याचा विषय आहे. नाटकात विदूषक मधूनमधून भाष्य करतो आणि अखेर ते दांपत्य शिक्षणाकडे वळते. हे नाटक जोतीरावांच्या हयातीत प्रसिद्ध होऊ शकले नाही. मात्र फसवणुकीचा प्रसंग, त्यावर बोलणारा विदूषक आणि शेवटी शिक्षणाचा मार्ग ही त्याची मांडणी पुढील जलशांच्या बतावणीशी मिळतीजुळती आहे.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. या समाजाचा विचार सांगणारे जलसे पुढे निघाले आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत ते ग्रामीण महाराष्ट्रात लोकप्रिय झाले. ‘जलसा’ हा शब्द मूळ अरबी असून त्याचा अर्थ बैठक किंवा सभा असा आहे. ‘तमाशा करणे’ या वाक्प्रचारात मराठी भाषकांनी जी हेटाळणी भरून ठेवली आहे, तिच्यापासून ‘जलसा’ हे नाव मुक्त होते.

काही जलशांनी गण कायम ठेवला. मात्र ‘गणपती’ या शब्दाची फोड ‘गणांचा पती’, म्हणजे लोकांचा नायक, अशी केली. भाषेच्या अभ्यासकाने हा प्रयोग बारकाईने पाहावा. येथे शब्द तोच राहतो, त्याची जागाही तीच राहते. केवळ व्युत्पत्तीच्या आधारे वंदनाचा विषय बदलतो. परिचित शब्दातून अपरिचित अर्थ आल्यामुळे प्रेक्षक बिचकत नाही, पण विचारात पडतो. बतावणीत सत्यशोधक आणि भटजी यांचा वाद रंगे. सोंगाड्याचा पारंपरिक प्रश्न आता कर्मकांड, सावकारी आणि निरक्षरता यांच्याकडे वळला.

४.५ आंबेडकरी जलसा : संबोधनातील परिवर्तन

महाड येथील २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह आणि २ मार्च १९३० रोजी नाशिकला सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह, या घटनांच्या काळात आंबेडकरी जलशांची परंपरा आकाराला आली. नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक हे या परंपरेतील एक प्रमुख नाव होय. त्यांनी पुढे आंबेडकरी जलशांविषयी पुस्तकही लिहिले. (त्याच जिल्ह्यातील लोककवी वामनदादा कर्डक, १९२२–२००४, हे वेगळे, आडनावाच्या साम्यामुळे गल्लत करू नये.)

या जलशांत गणातील वंदन देवतेऐवजी बाबासाहेबांना केले जाऊ लागले. पाण्याचा हक्क, मुलांचे शिक्षण, मृतमांसाचा त्याग हे बतावणीचे विषय झाले. परंतु विषयांइतकाच महत्त्वाचा बदल संबोधनात झाला. पुढील दोन संवाद पाहा. हे संवाद कोणत्याही जलशातील नसून केवळ आपल्या अभ्यासासाठी तयार केले आहेत.

(अ)
पाटील : काय रं, कुठं निघालास?
गडी : जोहार, पाटील. कुठं न्हाई जी, तुमच्याच वाड्यावर निघालो व्हतो.

(आ)
पाटील : काय रं, कुठं निघालास?
गडी : जयभीम, पाटील. पोराचं नाव शाळेत घालाया निघालोय. आपण कुठं निघालात?

दोन्ही संवादांत पाटलाचे वाक्य एकच आहे. फरक उत्तरात आहे. ‘जोहार’ हे अभिवादन एकाच दिशेने जाते. खालच्याने ते वरच्याला करायचे असते. ‘जयभीम’ला ‘जयभीम’ असेच उत्तर देता येते. त्या अभिवादनात उतरंड नाही. दुसरे असे की, पहिल्या संवादातील गडी स्वतःच्या हालचालीचा हिशेब देऊन थांबतो. दुसऱ्या संवादातील गडी उत्तर देऊन उलट प्रश्न विचारतो. गावगाड्यात प्रश्न विचारण्याचा हक्क एका बाजूचा होता. रंगमंचावर तो दुसऱ्या बाजूकडे गेला. पारावर बसलेल्या प्रेक्षकाने हे ऐकले, तेव्हा समतेचे तत्त्व त्याला व्याख्येतून नव्हे, तर एका साध्या विचारपुशीतून समजले. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न प्रत्यक्ष पाटलाला विचारण्याचे धाडस होणे न होणे ही पुढची गोष्ट. पण ते वाक्य कसे उच्चारायचे, हे त्याला आता ठाऊक होते.

४.६ लोकनाट्य : नावामागील राजकारण

१९४४ साली अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९), अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लालबावटा कलापथक उभे केले. मुंबईचा गिरणी कामगार हा त्यांचा मुख्य प्रेक्षक होता. अण्णा भाऊंनी गणात मायभूमीला वंदन आणले आणि गवळण वगळली. सोंगाड्याच्या जागी सामान्य कष्टकऱ्याचा चतुर प्रतिनिधी आला. स्वातंत्र्यानंतर तमाशावर सरकारी निर्बंध आले, त्या काळात ‘लोकनाट्य’ ही संज्ञा रूढ झाली. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत याच शाहिरांनी सभा गाजवल्या; १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले.

तमाशा, जलसा, लोकनाट्य ही तीन नावे केवळ काळाच्या ओघात बदललेली नाहीत. प्रत्येक नावाने ‘हे कोणाचे आणि कशासाठी’ या प्रश्नाचे वेगळे उत्तर दिले आहे.

४.७ मर्यादा

जलशाचे मूल्यमापन करताना दोन गोष्टी विसरता येणार नाहीत. पहिली, जलशाने एकट्याने समाज बदलला असे म्हणता येत नाही. जलशाच्या पुढेमागे सभा होती, वसतिगृह होते, सत्याग्रह होता, संघटना होती. जलशाने मन तयार केले. त्या मनाला पुढचे पाऊल टाकण्यासाठी संघटनेने जागा दिली.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. गवळण आणि शृंगारिक लावणी वगळण्यामागे स्त्रियांची आणि जातीची अवहेलना थांबावी ही न्याय्य भूमिका होती. परंतु तमाशात नाचणाऱ्या स्त्रिया प्रामुख्याने दलित आणि भटक्या समाजांतील होत्या आणि त्यांचा चरितार्थ याच अंगावर चाले. नव्या रचनेत सोंगाड्याला नवी भूमिका मिळाली. या स्त्रियांना मात्र फारशी मिळाली नाही. शर्मिला रेगे यांनी लावणी आणि पोवाडा यांच्या अभ्यासातून जात आणि लिंगभाव यांचा हा गुंता पुढे आणला आहे. जी कसोटी जलशाने तमाशाला लावली, तीच आपण जलशालाही लावली पाहिजे : येथे कोणाला बोलता आले आणि कोण गप्प राहिले?

४.८ समारोप

जलशाने परंपरा नाकारली नाही आणि ती जशीच्या तशी स्वीकारलीही नाही. गण, बतावणी आणि सोंगाड्या या ओळखीच्या जागा राखून त्यांतील माणसे, संबोधने आणि प्रश्न बदलले. कोणत्याही राजकीय कलाकृतीचा अभ्यास करताना तिच्या संदेशाबरोबर तिच्यातील बोलण्याच्या हक्काची वाटणीही तपासावी, हे या घटकाचे मुख्य सूत्र आहे.

४.९ स्वाध्याय

१. ‘गणपती’ या शब्दाच्या नव्या फोडीतून सत्यशोधक जलशाने काय साधले, ते ८ ते १० ओळींत लिहा.
२. ४.५ मधील दोन संवादांची संबोधन, अभिवादन आणि प्रश्नाधिकार या मुद्द्यांवर तुलना करा.
३. ‘गवळण वगळणे हे सुधारणेचे पाऊल होते, तसेच एक वगळणूकही होती.’ या विधानाची चर्चा करा.
४. क्षेत्रीय कार्य : आपल्या गावातील किंवा वस्तीतील एखाद्या भीमगीतांच्या कार्यक्रमास, शाहिरी मेळाव्यास अथवा पथनाट्यास उपस्थित राहा. कोण कोणाला ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ म्हणतो, प्रश्न कोण विचारतो आणि उत्तर कोण देतो, याची नोंद करून दोन पानी अहवाल तयार करा.