पुरानंतरच्या कोकणात मुक्काम कुठे करावा?



समजा, नागपूर जिल्ह्यातील पारशिवनीच्या एका शाळेचा नववीचा वर्ग कोकणच्या अभ्यास-सहलीला निघणार आहे. खाडी, जांभा दगड आणि सह्याद्रीचे कडे पाहायचे आणि चार दिवसांचा मुक्काम चिपळूण परिसरात करायचा, असे ठरले आहे. सरांनी वर्गाला एक काम दिले : "राहण्याची जागा तुम्हीच निवडा, मात्र ती का निवडली हे आकडे मांडून सांगा."

अशा वेळी भाडे किती आणि जेवण कसे, एवढे विचारून भागत नाही. 22 जुलै 2021 रोजी चिपळूणमध्ये महापूर आला होता. असा पूर पाहिलेल्या प्रदेशात राहण्याची जागा निवडणे हा पदार्थविज्ञानातला एक चांगला प्रश्न आहे. तो आपण पायरीपायरीने सोडवू या.

पाणी येते कोठून, अडते कोठे?

पारशिवनीच्या मुलांना पूर अगदीच अपरिचित नाही. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशात जोराचा पाऊस झाला. तोतलाडोह व नवेगाव खैरी धरणांचे दरवाजे उघडावे लागले आणि पेंच व कन्हान नद्यांच्या काठच्या गावांत पाणी शिरले. हे पाणी वरून आले आणि खाली वाहून गेले.

किनाऱ्याजवळच्या नदीची गोष्ट थोडी वेगळी असते. वाशिष्ठी नदी सह्याद्रीतून उतरते, चिपळूणवरून वाहते आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. घाटमाथ्यापासून चिपळूणपर्यंत उतार तीव्र आहे. चिपळूणपासून समुद्रापर्यंत तो अगदी थोडा आहे, कारण शहराची सखल जमीन समुद्रसपाटीपासून काही मीटरच उंच आहे. पाणी वेगाने येते आणि सावकाश जाते. त्यातच भरतीच्या वेळी समुद्राची पातळी वाढते आणि नदीच्या पाण्याला पुढे सरकणे अवघड होते. मोरीच्या तोंडाशी बोळा बसावा आणि वरून बादल्यांवर बादल्या ओतल्या जाव्यात, तसेच हे.

आता थोडे गणित करू. 1 चौरस किलोमीटर जमिनीवर 1 मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी 1,000 घनमीटर भरते. 100 चौरस किलोमीटर क्षेत्रावर 200 मिलिमीटर पाऊस पडला, तर एकूण पाणी 2 कोटी घनमीटर होईल. ते सगळे 6 तासांत नदीत उतरले, तर सेकंदाला सुमारे 926 घनमीटर पाणी येईल. समजा, पुढे सेकंदाला 700 घनमीटरच वाहून जाऊ शकते. मग दर सेकंदाला 226 घनमीटर पाणी मागे उरते. तासाभरात ते 8 लाख घनमीटरांहून अधिक होईल, आणि 1 चौरस किलोमीटरच्या सखल वस्तीत पसरले, तर पातळी तासाला सुमारे 81 सेंटिमीटर चढेल.

हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. पण 200 मिलिमीटर पाऊस ही कोकणात अतिशयोक्ती नव्हे. 23 जुलै 2021 च्या सकाळी संपलेल्या 24 तासांत सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला सुमारे 594 मिलिमीटर पाऊस पडला. नागपूरला वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, त्याच्या जवळजवळ निम्मा!

या गणितातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. तुमची खोली सखल भागापेक्षा 3 मीटर उंचावर असेल, तर पाणी तिथपर्यंत यायला साडेतीन तासांहून अधिक वेळ लागेल. म्हणजे पुरात उंची म्हणजेच वेळ. झोपेतून उठणे, सामान उचलणे, लहानांना व वृद्धांना हलवणे हे सारे त्या वेळात करायचे असते. 2021 मध्ये चिपळूणमधील एका रुग्णालयात पाणी शिरले आणि वीज गेली. तेथे कृत्रिम श्वसनावर असलेल्या रुग्णांचे प्राण गेले. असे रुग्ण हलवायला पुष्कळ वेळ लागतो.

पहिली मोजणी : पुराची खूण

जागा पाहायला गेल्यावर पहिला प्रश्न विचारा : "2021 मध्ये पाणी कुठपर्यंत आले होते?" आणि दुसरा : "26 जुलै 2005 ला कुठपर्यंत होते?" लोक भिंतीवर हात ठेवून खूण दाखवतील. ती खूण आणि तुमच्या खोलीची जमीन यांच्या उंचीतला फरक मोजा.

मोजायचे कसे? गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी घ्या आणि तीत पाणी भरा. हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. नळीचे एक टोक खुणेपाशी आणि दुसरे खोलीच्या पायरीपाशी उभे धरा. स्थिर पाण्याची पातळी दोन्ही टोकांना सारखीच असते. मग फक्त मोजपट्टी हवी.

शासनाच्या पूरनकाशांवर दोन रेषा असतात. साधारणपणे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. "एकदा पूर येऊन गेला, आता शंभर वर्षे चिंता नाही," असा याचा अर्थ अनेकजण घेतात. तो चूक आहे. खरा अर्थ असा की, लाल रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता प्रत्येक वर्षी 100 मध्ये 1 असते. एखादे घर त्या रेषेवर 30 वर्षे उभे राहिले, तर या काळात पाणी एकदाही न येण्याची शक्यता 0.99 चा 30 वा घात, म्हणजे सुमारे 0.74. अर्थात पाणी येण्याची शक्यता 26 टक्के. निळ्या रेषेसाठी हेच गणित केले, तर उत्तर सुमारे 71 टक्के येते. चिपळूणने 2005 आणि 2021 असे दोन मोठे पूर 16 वर्षांच्या अंतराने पाहिले, यात नवल नाही.

दुसरी मोजणी : पाठीमागचा उतार

मग सरळ डोंगरावरच जाऊन राहावे का? थांबा. त्याच 22 जुलै 2021 रोजी रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली आणि 80 हून अधिक माणसे गेली. रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात पोसरे येथेही दरडीने बळी घेतले. 19 जुलै 2023 च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीची हीच गत झाली.

उतारावरची माती कणाकणांतील घर्षणामुळे टिकून असते. पावसाचे पाणी मुरले की मातीचे वजन वाढते. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे कणांमधल्या पाण्याचा दाब त्या कणांना एकमेकांपासून दूर ढकलतो. घर्षण कमी पडले की सगळा उतारच निसटतो.

एका कोनमापकाच्या मध्याशी दोरा बांधून त्याला खडा अडकवा. कोनमापकाची सरळ कड उताराला समांतर धरली की दोरा 90 अंशांपासून किती सरकला ते दिसते. तोच उताराचा कोन. घराच्या मागचा मातीचा उतार 30 अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असेल, तर सावध व्हा. रस्त्यासाठी किंवा बांधकामासाठी डोंगराचा पायथा नुकताच उभा कापला असेल, तर पावसाळ्यात ती जागा नकोच. जमिनीला पडलेल्या भेगा, कललेली झाडे व खांब, एकाएकी गढूळ झालेला झरा ही धोक्याची लक्षणे आहेत.

म्हणजे योग्य जागा पुराच्या खुणेच्या वर, पण दरडीच्या वाटेपासून दूर अशी असायला हवी. "उंच जागा" एवढे उत्तर अपुरे आहे.

तिसरी मोजणी : मधला रस्ता

घर कोरडे राहिले, पण रस्ता बुडाला तर? 2021 मध्ये चिपळूण आणि कामथे स्थानकांदरम्यान वाशिष्ठीच्या पुलापाशी पाणी वाढल्याने कोकण रेल्वेची वाहतूक थांबवावी लागली होती. म्हणून मुक्काम आणि दवाखाना यांच्यामध्ये पूल किंवा सखल रस्ता आहे का, ते नकाशावर पाहा. शक्यतो दोन्ही एकाच काठाला असावेत.

वाहत्या पाण्यातून चालत जाऊ, असे कोणी म्हणेल. त्याचेही गणित करा. पाणी गुडघ्यावर 60 सेंटिमीटर आहे, पायांची रुंदी मिळून 30 सेंटिमीटर आहे आणि पाण्याचा वेग सेकंदाला 2 मीटर आहे. पायांवर येणारा जोर सुमारे 360 न्यूटन, म्हणजे जवळजवळ 37 किलोग्रॅम वजनाइतका भरतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. अशा पाण्यात पाऊल टाकू नये.

भरतीचा अंदाज घ्यायला कोकणात एक सोपा हिशोब वापरतात : तिथीला 3 ने गुणा आणि 4 ने भागा. अष्टमीला 24 भागिले 4, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी साधारण 6 वाजता भरती. चंद्रामुळे भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. हिशोबात 45 मिनिटे धरली आहेत, म्हणून उत्तर ढोबळ येते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती मोठी असते. 22 जुलै 2021 ला शुद्ध त्रयोदशी होती. गुरुपौर्णिमा दोनच दिवसांवर होती.

चौथी तपासणी : घराची प्रकृती

पूर ओसरला तरी घर लगेच कोरडे होत नाही. वीट आणि जांभा यांत अतिसूक्ष्म छिद्रे असतात. 0.01 मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी केशाकर्षणाने जवळजवळ दीड मीटर चढू शकते. म्हणून पाणी न लागलेला भिंतीचा भागही ओला होतो. ओल, बुरशीचा वास आणि फुगलेला गिलावा दिसला तर ती खोली टाळा. विजेची बटणे व मीटर पुराच्या खुणेच्या वर बसवले आहेत का, पुरानंतर तारांची तपासणी झाली का, ते विचारा. विहिरीत टीसीएल पावडर टाकली जाते का, तेही विचारा. शंका असेल तर पाणी उकळून प्या. पायाला जखम असताना चिखलात उतरू नका, कारण तेथून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरू शकतात.

आता निवड करा

वर्गापुढे तीन जागा आहेत. (अ) बाजारपेठेतील लॉज : तळमजल्यावर पुराची खूण 2 मीटरवर, खोल्या दुसऱ्या मजल्यावर, भिंती वाळलेल्या. (ब) नुकत्याच कापलेल्या डोंगराच्या पायथ्याशी नवे घर. (क) पसरट टेकाडावरचे जुने घर : पाणी कधी आले नाही, पण बाजारात जायला एक सखल पूल ओलांडावा लागतो.

जुलै महिना असेल, तर (क) निवडावे, चार दिवसांचा शिधा जवळ ठेवावा आणि जोराच्या पावसात पूल ओलांडू नये. (ब) पावसाळ्यात मुळीच नको. पण सहल डिसेंबरात असेल तर? तेव्हा पुराची शक्यता अगदी कमी असते. मग (अ) हीच जागा सर्वांत चांगली. सर्व काही जवळ आहे, आणि ज्या बाजारपेठेने चिखल उपसून पुन्हा दुकाने उघडली, तिला तुमच्या भाड्याचे व खरेदीचे पैसे मिळतील. मात्र पूर नुकताच येऊन गेला असेल, शाळा-धर्मशाळांत घर गमावलेली कुटुंबे राहत असतील, तर सहल पुढे ढकला. त्यांची जागा पाहुण्यांनी अडवू नये.

करून पाहा

1. पेंच किंवा तुमच्या जवळच्या नदीकाठच्या गावात जुन्या पुराची खूण विचारा आणि नळीच्या साहाय्याने शाळेच्या पायरीची उंची तिच्याशी ताडून पाहा. हे काम कोरड्या दिवसांत, शिक्षकांसोबत करा.

2. वरच्या उदाहरणात पुढे वाहून जाणारे पाणी भरतीमुळे सेकंदाला 700 ऐवजी 500 घनमीटर झाले, तर पातळी तासाला किती चढेल? 3 मीटर उंचीवरच्या खोलीला किती वेळ मिळेल?

3. या पौर्णिमेला कोकणात भरती साधारण किती वाजता येईल?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर काढल्यावर ते पहिल्या उत्तराशेजारी मांडा. मिळणारा वेळ जवळजवळ निम्मा झालेला दिसेल. जागा निवडताना हाच आकडा डोळ्यांसमोर ठेवा.