पिंजरा काढला, पुढं काय?

हातकणंगल्याच्या बाजूला आमचं अंड्यांच्या कोंबड्यांचं शेड आहे. आधी पिंजरे होते, आता कोंबड्या तुसावर मोकळ्या असतात. कोल्हापुरात रश्श्यावर तासभर वाद घालणारी माणसं अंडं देणाऱ्या कोंबडीचं नाव काढत नाहीत, म्हणून हे चार बोल.

१. आधी जागा मोजा. पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला साधारण ४५० चौरस सेंटीमीटर जागा येते, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाचा पाऊण भागही नाही. तेवढ्यात ती वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते, पण पंख पसरू शकत नाही. पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात जनावर कोंडणं १९६०च्या प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या कायद्याच्या कलम ११ नुसार क्रूरता आहे. युरोपीय संघात साधे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद झाले. आपल्या विधी आयोगानंही २०१७ मध्ये २६९वा अहवाल याच विषयावर दिला. आपल्याकडची बहुतेक शेडं मात्र आहेत तशीच आहेत.

२. तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, अंड्यावर यायच्या आधीच घरटी लावा. अंडं घालायच्या वेळी कोंबडी आडोसा शोधत फिरते. एका घरट्यात डोकावते, बाहेर येते, दुसऱ्यात जाऊन तूस पायानं मागं सारते, गोल फिरून बसते. पिंजऱ्यात हीच धडपड ती उघड्या जाळीवर करत राहते. युरोपात सात कोंबड्यांमागे एक घरटं असा नियम आहे; आम्ही पाचांमागे एक ठेवतो, कारण सगळ्यांना नेमकं कोपऱ्यातलंच हवं असतं. सुरुवातीला पहाटेपासून वाकून तुसातली अंडी वेचावी लागतात. एक जरी राहिलं तरी त्याच्या शेजारी दुसरी तलंग बसलीच म्हणून समजा. फुटक्या अंड्याची चव लागली की ती खोड सुटत नाही.

३. तुसाची परीक्षा मुठीत. तूस घट्ट दाबा आणि मूठ उघडा. गोळा तसाच राहिला तर ओल आहे, सुटला तर ठीक. आमच्याकडं पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा फावड्यानं उलथणं, चुना मारणं, पाण्याचं गळकं निप्पल त्याच दिवशी बदलणं, यातून सुटका नाही. शेडात उभं न राहता कोंबडीच्या उंचीवर बसून श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर अमोनिया साठलाय. ओल्या तुसात रक्ती हगवण येते. पिंजऱ्यात विष्ठा खाली पडते म्हणून हा त्रास कमी असतो, हे पिंजरेवाल्यांचं म्हणणं खरंच आहे.

४. टोचाटोचीवर नजर ठेवा. एकीच्या शेपटीजवळ रक्त दिसलं की बाकीच्या तिच्यावर तुटून पडतात; तिला लगेच वेगळी काढा. गर्दी, झगझगीत उजेड, खाद्यातली कमतरता ही कारणं. बसायला दांड्या द्या, कोंबडीमागे पंधरा सेंटीमीटर तरी, म्हणजे दबलेलीला वर पळता येतं. कोबीची पानं टांगली तर चोचींना काम मिळतं. धुळीत लोळायला एक कोरडा कोपरा राखा. दुपारी तिथं पंख फाकून पडलेल्या कोंबड्या बघायला मला अजून आवडतं. त्यासाठी काम थांबवतो, हे घरच्यांना पसंत नाही.

५. मानमोडीची लस वेळेवर. यात सूट नाही.

६. विकताना ‘गावरान’ म्हणू नका. “दादा, गावरान हाय न्हवं?” हा प्रश्न रोजचा. नाही म्हणून सांगावं. कवचाचा तपकिरी रंग जातीनं ठरतो, कोंबडी पिंजऱ्यात होती की मोकळी यावर नाही. मोकळी कोंबडी हिंडते म्हणून खाते जास्त, मजुरीही वाढते. बाजाराच्या रोजच्या भावात हे अंडं बसत नाही. बेकरीवाल्याला ट्रेचा भाव हवा असतो, त्याच्या मागं लागून वेळ घालवू नये. आमची बहुतेक अंडी कोल्हापुरात राजारामपुरी आणि ताराबाई पार्कातल्या घरांत जातात. शेड बघायला या म्हटलं की रविवारी पोरांना घेऊन येतातही.