तुझ्या आधीची ती

कर्वेनगर, पुणे

चि. राजू,

सूनबाईला तुमच्या लग्नाचं साल आठवेना, पण हिंगण्याच्या वसतिगृहातल्या मैत्रिणींची नावं तिनं घडाघडा सांगितली, हे तुला फार लागलंय. फोनवर बोलताना ते कळत होतं.

अविनाश अरुणचा ‘थ्री ऑफ अस’ बघ. नोव्हेंबर 2023 मध्ये लागला होता. त्यातल्या शैलजाला स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालीय. नवऱ्याला घेऊन ती कोकणात, वेंगुर्ल्याला जाते. लहानपणी राहिलेल्या गावी. तिथे शाळेतला मित्र भेटतो. शेफाली शाहचं कौतुक सगळेच करतात, ते योग्यच आहे. तू मात्र स्वानंद किरकिरेचा दीपंकर बघ. बायको खुलते ती त्याच्या आधीच्या दिवसांत, हे त्याला दिसतं आणि बोचतंही. तरी तो तिच्यासोबत हिंडतो. मला खरा नवरा तिथे दिसला.

सूनबाईचं हे दुखणं कसं चालतं ते समजून घे. अल्झायमरमध्ये मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसला लवकर इजा होते, आणि नव्या आठवणी पक्क्या व्हायला तोच लागतो. म्हणून अलीकडचं आधी जातं, शाळेतलं पुष्कळ दिवस टिकतं. मैत्रिणी तिला बाराव्या वर्षी भेटल्या, तू चोविसाव्या. हा क्रम वयाचा आहे रे, प्रेमाचा नाही. “मी कोण, सांग बरं?” अशी परीक्षा घेऊ नकोस. “मी राजू” म्हणावं आणि जवळ बसावं.

थायरॉईड आणि बी-12 तपासून घेतलंस ना? त्यातल्या बिघाडानंही विसर पडतो, आणि त्यावर औषध आहे. बँकेची, मृत्युपत्राची कामं तिला नीट समजतंय तोवर, तिच्या मनानं होऊ देत.

आणि तिला इकडे घेऊन ये. रस्त्यांवरची गर्दी पाहून ती बावरेल, म्हणून सकाळी लवकर तिच्या वसतिगृहाच्या संस्थेच्या आवारात जाऊ. अण्णासाहेब कर्व्यांनी 1900 साली विधवांसाठीचा आपला आश्रम हिंगण्याला आणला, तेव्हाची झोपडी तिथे जपलेली आहे. ती दाखवू, मग तिला हवं तिकडे जाऊ दे. कुठली खोली, कोण मैत्रीण, काही चुकलं तरी दुरुस्त करू नकोस. तुला ठाऊक नसलेली ती मुलगी कशी होती, ते विचार तिला.

तुझी झोप उडालीय, हे आवाजावरून कळलं. मागची खोली आवरून ठेवलीय. दुपारी तू झोप. तिच्यापाशी मी बसेन.

तुझी आत्या