आठवड्याचा बाजार

आमचा बाजार मंगळवारचा, तुमचा शुक्रवारचा, असे आपण बोलतो. पुष्कळ गावांत शेतावरची मजुरी बाजारच्या दिवशीच चुकती करतात. त्या दिवशी प्रत्येकाच्या हातात थोडा पैसा असतो. संध्याकाळपर्यंत तो कोठे जातो, ते आज पाहू.

बाजारात शिरताच तागाच्या पोत्यावर भाजीवाल्या बायका बसलेल्या दिसतात. त्यांच्यापुढे मेथी, अंबाडी, तांदुळजा, वांगी, गवार असते. जरा पुढे गेलो की पुड्यांच्या माळा लोंबत असतात. बिस्किटे, फरसाण, रंगीत सरबत. मूल तिकडेच ओढते. आई म्हणते, "घे बाबा, पण रडू नको." दहा रुपये गेले.

आता एक चमत्कारिक गोष्ट पाहा. आपल्याच शिवारातला टोमॅटो टेम्पोत बसून शहराच्या मार्केटला जातो. तेथे त्याचा लिलाव होतो. पुष्कळदा व्यापारी तोच माल घेऊन आपल्या बाजारात येतो. टोमॅटो शहर पाहून आला, म्हणून महाग झाला! या फिरण्यात शेतकऱ्याला काय मिळते? रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ साली याचा हिशेब मांडला. गिऱ्हाईक टोमॅटोला १ रुपया देते, तेव्हा शेतकऱ्याला सुमारे ३३ पैसे मिळतात. कांद्याचे सुमारे ३६ पैसे मिळतात. बाकीचे पैसे भाडे, हमाली, नासधूस आणि मधल्या लोकांचा नफा यांत जातात.

आपण एक हिशेब करू. समजा, एका शेतकऱ्याने २० किलो वांगी मार्केटला पाठविली. भाव आला किलोला १५ रुपये. झाले ३०० रुपये. गाडीभाडे, हमाली आणि तोलाई मिळून ६० रुपये गेले. हाती आले २४०. पुढच्या आठवड्यात त्याची घरधनीण तेवढीच वांगी घेऊन गावच्या बाजारात बसली. तिने भाव लावला २५ रुपये. १६ किलो वांगी गेली. त्याचे ४०० रुपये झाले. उरलेली ४ किलो दिवस मावळताना १० रुपयांनी दिली. त्याचे ४० झाले. बाजारपट्टीचे २० रुपये वजा केले. हाती आले ४२०. गिऱ्हाइकालाही ताजा माल मिळाला.

पण सगळा माल गावच्या बाजारात खपेल, असे कोणी समजू नये. पन्नास क्रेट टोमॅटो एका गावाने किती खावा? शिवाय दिवसभर बसण्याची मजुरी धरली पाहिजे. मोठे पीक मार्केटलाच जाणार. तेथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. २०१६ साली महाराष्ट्रात नियम झाला. फळे व भाजीपाला यांची अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची नाही. ती खरेदीदाराने द्यायची. पट्टी हातात आली की ती वाचा. आता आपल्याला वाचता येते! अडत कापलेली दिसली तर विचारा, "दादा, ही कशाची?" त्याच साली फळे-भाजीपाला मार्केटच्या बाहेर विकण्याचीही मोकळीक मिळाली. चारपाच शेतकऱ्यांनी मिळून एकच टेम्पो केला, तर तालुक्याच्या गावी थेट घरोघरच्या गिऱ्हाइकाला माल देता येतो.

आम्हाला दुसरी गोष्ट याहून जास्त खटकते. घरची अंडी आपण विकतो. घरचे दूध किटलीत घालून डेअरीला देतो. मग त्याच पैशाने मुलाला बिस्किटाचा पुडा आणतो. पैशाची नड असते, हे खरे. तरी आठवड्याची दोनतीन अंडी पोरांसाठी मागे ठेवायला काय हरकत आहे? २०१९ ते २०२१ या काळात सरकारने घरोघर आरोग्याची पाहणी केली. तीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. लहान मुलांची स्थिती त्याहून वाईट होती. भाजी पिकवणाऱ्या गावांत असे व्हावे!

रक्त वाढायला लोह लागते. ते बाजरीत आहे, हिरव्या पालेभाजीत आहे. पालेभाजीवर लिंबू पिळा, म्हणजे तिच्यातले लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा पिऊ नका. चहामुळे लोह अंगी लागत नाही. नाचणीची भाकरी हाडांना चांगली. तांदळापेक्षा तिच्यात कितीतरी पट अधिक चुना असतो. शेवग्याचा पाला तर विकतही घ्यावा लागत नाही. पावसाळ्यात म्हाताऱ्या बायका टाकळा, कुर्डू, करटोली आणतात. त्यांच्याशी घासाघीस थोडी कमी केली तरी चालेल.

"मावशी, तांदुळजा कसा दिला?"

"दहाला जुडी. पहाटेच खुडलाय, बाई."

"दोन द्या. ही मुळं लांबच निघाली, चांगली बघून द्या."

असे बोलून, पाहून घ्यावे. तोलून घ्यायचे असेल तेव्हा तराजू पाहा. शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम आले, तो कायदा १९५६ सालचा. वजनावर आकडा आणि सरकारी छाप असतो. दगडाने कोणी तोलू लागला, तर तोलू देऊ नये. विकणारानेही बाजारपट्टी दिली की पावती मागावी. पावतीवरचा आकडा आणि आपण दिलेले पैसे जुळतात का, ते तेथेच पाहावे.

आता वही काढा. मागच्या बाजारात काय काय घेतले, ते एकाखाली एक लिहा. पुढे रुपये लिहा. भाजी, डाळ, अंडी, फळे यांची बेरीज एकीकडे करा. पुड्या, सरबत, तंबाखू यांची दुसरीकडे करा. घरच्या मंडळींना दोन्ही आकडे वाचून दाखवा.